दर दोन तासांची खूण

आयसीयूच्या चार्टवर 'सक्शन' नावाचा एक रकाना असतो. रात्री आठ, दहा, बारा, दोन, चार, सहा. बहुतेक सकाळी सहाही चौकटींत बरोबरच्या खुणा दिसतात, एकाच शाईतल्या, एकाच तिरकेपणाच्या. पूर्वी असा भरलेला चार्ट बघून मला बरं वाटायचं, रात्रपाळीने कामचुकारपणा केला नाही म्हणून. हल्ली तोच चार्ट बघितला की मनात येतं, या माणसाच्या छातीत रात्रभर बरोब्बर दोन-दोन तासांनीच बेडका साठत होता की काय?

मी आधी बरीच वर्षं आयसीयूत परिचारिका म्हणून काम केलं आणि आता नव्या परिचारिकांना शिकवते. माझं म्हणणं असं की सक्शन कसं करायचं हे आपण बऱ्यापैकी शिकवतो, पण ते आत्ता करायचं की नाही हे कसं ठरवायचं, हे जवळजवळ शिकवतच नाही. रुग्णांना जी इजा होते त्यातली बरीचशी या न शिकवलेल्या भागातून येते.

ज्यांनी आयसीयू आतून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. व्हेंटिलेटरवरच्या माणसाच्या तोंडातून श्वासनलिकेत ट्यूब घातलेली असते. ती स्वरतंतूंच्या मधून जात असल्यामुळे स्वरतंतू मिटत नाहीत आणि आपण घसा साफ करताना खोकतो तसा दणकट खोकला त्याला येत नाही. श्वासनलिकेच्या अस्तरावरचे सूक्ष्म केस स्राव वर ढकलत असतात, तेही ट्यूबभोवती फुगवलेल्या फुग्यापाशी अडतात. मग आत साठलेलं बाहेर काढायचं आपल्याला. ट्यूबमधून बारीक नळी, म्हणजे कॅथेटर, आत सरकवायचं आणि भिंतीवरच्या व्हॅक्यूमने ओढत ओढत बाहेर घ्यायचं. काम दहा-पंधरा सेकंदांचं. दिवसातून इतक्या वेळा होतं की ते उपचारात मोजलंच जात नाही. अंथरूण बदलणं, तोंड पुसणं, सक्शन करणं, अशा ओळीत ते जाऊन बसतं.

जाता जाता एक सांगते. आमच्याकडे 'कफ' या एका शब्दात दोन गोष्टी राहतात, छातीतला कफ आणि ट्यूबचा फुगा, म्हणजे इंग्रजीतला कफ. "कफ बघितलास का?" असं विचारलं की नवी मुलगी गोंधळून एकदा रुग्णाच्या तोंडाकडे बघते आणि एकदा फुग्याच्या दाबमापकाकडे. म्हणून मी वर्गात छातीतल्याला बेडका किंवा स्रावच म्हणते. हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट वाटते, पण हँडओव्हर देताना, म्हणजे पाळी बदलताना रुग्णाची माहिती सोपवताना, याच शब्दावरून घोळ झालेला मी पाहिला आहे.

तर, व्हॅक्यूमला बेडका आणि हवा यांतला फरक कळत नाही. कॅथेटर आत असताना ते दोन्ही ओढतं. बेडका नसेल तर निव्वळ हवाच. जाते ती फुप्फुसातली हवा, ऑक्सिजनसकट. व्हेंटिलेटर श्वास सुटल्यावरही थोडा दाब टिकवून धरतो, ज्याला आम्ही पीप म्हणतो. हवेच्या बारीक पिशव्या मिटू नयेत म्हणून ही सोय. फुप्फुसं आधीच आजारी असतील आणि आपण सक्शनसाठी व्हेंटिलेटरची नळी काढून ठेवली, तर तासन्‌तास खपून उघडलेल्या पिशव्या काही सेकंदांत मिटतात. कॅथेटरने श्वासनलिकेचं टोक टोचलं की व्हेगस मज्जातंतू चाळवतो आणि हृदयाचे ठोके एकाएकी मंदावतात. डोक्याला मार लागलेल्या माणसाच्या कवटीतला दाब वाढतो. आणि कॅथेटरच्या छिद्रात अस्तराचा ओलसर, नाजूक तुकडा खेचला गेला की ते सोलवटतं. दुसऱ्या दिवशी नोंद होते, 'स्राव रक्तमिश्रित'. जणू फुप्फुसानेच ते रक्त काढलं. ते आपण काढलेलं असतं, हे कोणी लिहीत नाही.

यातली कुठलीही गोष्ट गुपित नाही. श्वसन उपचारांतल्या अमेरिकन व्यावसायिक संघटनेने 2010 साली मार्गदर्शक सूचना काढल्या आणि 2022 साली त्या नव्याने लिहिल्या. ठरावीक वेळी म्हणून सक्शन करू नका, स्राव असल्याची चिन्हं दिसली तर करा, हे 2010 मध्येच सांगून झालं होतं. आधी ऑक्सिजन वाढवा, एका वेळी 15 सेकंदांच्या वर ओढू नका, कॅथेटर खोलवर टेकेपर्यंत न घालता ट्यूबच्या टोकापर्यंतच घाला, सलाईन सरसकट टाकू नका. हे सगळं वाचायला पाच मिनिटं लागतात. तरी चार्टवर दर दोन तासांची खूण टिकून आहे.

ती का टिकली आहे, हे समजून घेतल्याशिवाय तिच्यावर टीका करणं मला अन्यायाचं वाटतं. ठरलेल्या वेळी सक्शन करा म्हणणाऱ्यांची बाजू हलकी नाही. त्या म्हणतात, आम्ही एकटी दोन-दोन, कधी तीन रुग्ण बघतो. शेजारच्या बेडवर गडबड झाली की हा रुग्ण नजरेआड होतो. घड्याळ असलं की निदान कुणी विसरत तरी नाही. गरज बघून करा म्हणाल आणि गरज बघायलाच कोणी आलं नाही, तर ट्यूब ब्लॉक होईल. आणि ट्यूब ब्लॉक झालेला रुग्ण ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ती भीती काय असते ते समजावून सांगावं लागत नाही. व्हेंटिलेटर कर्कश ओरडत असतो, छाती हलत नाही, सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, उतरत जातं आणि कॅथेटर ट्यूबमध्ये अर्ध्यावर अडतं. मीही ते पाहिलं आहे. घड्याळाचा नियम या भीतीतून आला, आणि ती भीती खरी आहे.

पण नीट बघितलं तर या युक्तिवादाने सिद्ध काय होतं? दर दोन तासांनी रुग्णापाशी जाऊन तपासलं पाहिजे, एवढंच. दर दोन तासांनी ओढलंच पाहिजे, हे त्यातून निघत नाही. घड्याळ तपासणीला लावा, सक्शनला लावू नका. आता हे तपासणं शिकवावं लागतं, त्याला वेळ लागतो, आणि ज्याला वेळ लागतो ते आमच्या प्रशिक्षणातून हमखास गळतं.

तपासायचं म्हणजे काय? छातीवर स्टेथोस्कोप ठेवायचा, पण नुसता खाली बरगड्यांवर नाही. गळ्याच्या खळगीजवळ, मोठ्या श्वासनलिकेवर ठेवायचा. तिथे स्राव असला तर जाड, खरखरीत, घरघरता आवाज येतो. ट्यूबमध्ये दिसतंय का बघायचं. रुग्ण आपणहून खोकतोय का, ऑक्सिजन उतरतोय का, व्हेंटिलेटरला हवा ढकलायला जास्त दाब लागतोय का. आणि व्हेंटिलेटरच्या पडद्यावर हवेच्या प्रवाहाची जी रेघ उमटते ती करवतीच्या दात्यांसारखी झाली आहे का. ही दातेरी रेघ चांगली खूण आहे, पण फसवीसुद्धा. व्हेंटिलेटरच्या नळ्यांत वाफेचं पाणी साठून डुचमळलं तरी रेघ अशीच होते. एकदा माझ्यासमोर एका चुणचुणीत मुलीने रेघ बघून सक्शन केलं, काही आलं नाही. पुन्हा केलं, काही आलं नाही. तिसऱ्यांदा हलकी लाली आली. तोवर नळीच्या खालच्या वळणात चमचाभर पाणी हेलकावत होतं. पाणी काढलं, रेघ सरळ. तिला दोष देण्यात अर्थ नव्हता. दातेरी रेघ दिसली की सक्शन, एवढंच तिला कोणीतरी शिकवलं होतं. आधी नळीतलं पाणी काढ आणि पुन्हा रेघ बघ, हे पुढचं वाक्य राहून गेलं होतं.

अशी राहून गेलेली वाक्यं पुष्कळ आहेत. दाबाचंच घ्या. माझ्या वर्गात पहिल्या तासाला मॅनिकिन, म्हणजे सरावाचा पुतळा, कपाटातून बाहेरच येत नाही. मी सगळ्यांना भिंतीवरच्या सक्शनसमोर उभं करते आणि एकीला सांगते, दाब 120 वर लाव, म्हणजे 120 मिलिमीटर पाऱ्यावर. ती बटण फिरवते, सुई 120 वर आणते, मागे सरते. नळीचं तोंड उघडंच लोंबत असतं. मग मी म्हणते, आता नळी दुमडून चिमटीत घट्ट धर आणि सुईकडे बघ. सुई 120 सोडून पुढे पळते, कधी 200 च्याही पार. नळीचं तोंड उघडं असताना हवा सतत आत येत राहते, त्यामुळे मापक कमी दाखवतो. तोंड बंद झालं की खरा दाब कळतो. आणि रुग्णाच्या श्वासनलिकेत ते तोंड केव्हा बंद होतं? कॅथेटर अस्तराला चिकटतं तेव्हा. म्हणजे सर्वांत जास्त जोर नेमका सर्वांत नाजूक जागी. म्हणून नळी चिमटीत बंद करून मगच दाब लावायचा. 2022 च्या सूचनांत मोठ्यांसाठी 200 मिलिमीटर पाऱ्याच्या आत आणि नवजात बाळं व लहान मुलांसाठी 120 च्या आत, अशी वरची मर्यादा सांगितली आहे, आणि त्या आतही भागेल तितका कमी दाब वापरा असं म्हटलं आहे. हा आकडा लेखी परीक्षेत सगळ्यांना येतो. चिमटीची गोष्ट मात्र दहा-दहा वर्षं आयसीयूत काढलेल्या परिचारिकांनाही नवी असते. त्या नळी चिमटीत धरतात, सुई पळताना बघतात आणि एकदम गप्प होतात. त्या गप्पपणात आजवर केलेल्या सक्शनांचा हिशेब चाललेला असतो, असं मला वाटतं.

कॅथेटरच्या जाडीचं गणित सोपं आहे. कॅथेटरचा नंबर 'फ्रेंच' या मापात असतो, आणि तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर. ट्यूबचा आतला व्यास 8 मिलिमीटर असेल तर त्याची तिप्पट 24, तिचे निम्मे 12, म्हणून 12 नंबरचं कॅथेटर. ते 4 मिलिमीटर जाड, ट्यूबच्या बरोबर अर्धं. मोठ्यांमध्ये आणि मुलांमध्ये अर्ध्याहून जास्त ट्यूब अडू नये, हा नियम. (व्यास अर्धा म्हणजे क्षेत्रफळ पावच, हे हुशार विद्यार्थिनी लगेच दाखवून देतात. अर्धं म्हणजे नक्की कशाच्या अर्धं यावर बोलता बोलता तास संपतो. व्यासाने मोजलं तर आपण सुरक्षित बाजूला राहतो, इतकं मी सांगते.) पण रात्री तीन वाजता 12 नंबरचा बॉक्स संपलेला असतो, 14 चा समोर असतो, आणि एखादी अनुभवी सिस्टर म्हणते, "14 घे, पटकन निघतं." तिचं खरं असतं, पटकन निघतं. त्याबरोबर हवाही पटकन निघते, आणि जाड कॅथेटरच्या कडेने तिची जागा घ्यायला नवी हवा शिरायला वाट कमी राहते. त्या क्षणी नव्या मुलीने काय करायचं? अनुभवी सिस्टरला नाही कसं म्हणायचं, हे आमच्या कुठल्याही पुस्तकात नाही.

सलाईनची सवयही अशीच पिढ्यान्‌पिढ्यांची. बेडका घट्ट आहे ना, मग पाच मिली सलाईन आत सोड, पातळ होईल. ऐकायला पटतं. पण सलाईन आणि चिकट बेडका एकमेकांत मिसळत नाहीत. भांड्यात घालून हलवलं तरी वेगळेच राहतात. सलाईनने रुग्णाला खोकला येतो आणि त्या खोकल्याने थोडं काही वर येतं, म्हणून ते सलाईननेच निघालं असं वाटतं. बरंचसं सलाईन आत राहतं, सॅच्युरेशन उतरतं, आणि ट्यूबच्या आतल्या जंतूंच्या थरातला काही भाग धुऊन खाली जाण्याचा धोका असतो. बेडका घट्ट असेल तर व्हेंटिलेटरच्या हवेतला ओलावा बघा, रुग्णाच्या शरीरात पाणी पुरेसं आहे का बघा. पण यासाठी डॉक्टरांशी बोलावं लागतं आणि परिणाम दिसायला तास लागतात. सलाईनची सिरिंज हातात तयार असते.

माहिती असणं आणि तसं वागणं यांतली ही दरी काही माझ्याच निरीक्षणातली नाही. आयर्लंडमध्ये आयसीयूतल्या 45 परिचारिकांचं सक्शन प्रत्यक्ष शेजारी उभं राहून तपासलं गेलं, तो अभ्यास 2008 साली प्रसिद्ध झाला. आधी छाती तपासणं, ऑक्सिजन वाढवणं, हातांची स्वच्छता, रुग्णाला धीर देणं, दाब किती लावला, या सगळ्यांत शिफारशी आणि प्रत्यक्ष काम यांत मोठी तफावत निघाली. या परिचारिका शिकलेल्या होत्या, आयसीयूत काम करत होत्या. तिथे अजून एक व्याख्यान देऊन काय साधलं असतं?

मला वाटतं याचं मूळ आयसीयूच्या जन्मातच आहे. 1952 साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने एका बारा वर्षांच्या मुलीच्या गळ्याला छिद्र पाडून नळी बसवून घेतली, साठलेले स्राव ओढून काढले आणि हाताने पिशवी दाबून तिला श्वास दिला. ती वाचली. मग जवळजवळ दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने पिशव्या दाबत बसले, आठवडेच्या आठवडे. पुढच्याच वर्षी इब्सेनने अशा रुग्णांसाठी वेगळा विभाग उभा केला आणि आयसीयूची कल्पना रुजली. त्या दिवसांत शिकायला वेळ कुणाला होता? शेजारचा काय करतो ते बघायचं आणि करायचं. तेव्हा तेच योग्य होतं. सत्तर वर्षांनी व्हेंटिलेटर ओळखू येणार नाही इतका बदलला. बघ आणि कर ही शिकवण्याची रीत मात्र तशीच राहिली. 2020 मध्ये कोविडच्या लाटेत वॉर्डातल्या परिचारिकांना रातोरात आयसीयूत उभं केलं गेलं तेव्हा त्या अशाच शिकल्या, तेही शिकवणारीचा चेहरा मास्कमागे आणि आवाज शील्डमागे असताना. तेव्हा दुसरा इलाज नव्हता. पण लाट ओसरल्यावर त्यांना पुन्हा बसवून शिकवायला हवं होतं. कितीजणींना बसवलं?

व्हेंटिलेटर विकत घेताना त्याच्या देखभालीचा करार होतो, दर वर्षी त्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे अचूकतेची तपासणी, होतं आणि मशीनवर तारखेचं स्टिकर लागतं. त्याच मशीनशी जोडलेल्या माणसाच्या श्वासनलिकेत दिवसातून कित्येकदा शिरणाऱ्या हाताचं कॅलिब्रेशन एकदाच होतं, नोकरीला लागताना, आणि कित्येकदा तेव्हाही नाही. ज्यांच्या हाती रुग्णालयांचे पैसे आणि नियम आहेत त्यांच्याकडे माझी मागणी साधी आहे. वर्गातली परीक्षा पुरेशी धरू नका. दुसऱ्या प्रशिक्षित परिचारिकेने बेडपाशी उभं राहून पूर्ण वेळ बघावं, आणि बघताना पहिला प्रश्न असावा, सक्शन करायचं का हे हिने कशावरून ठरवलं? दर सहा महिन्यांनी हे पुन्हा व्हावं. वीस वर्षांच्या अनुभवी सिस्टरचंही व्हावं, तिचं आधी व्हावं, कारण नव्या मुली तिच्याकडे बघून शिकतात. आणि हे ड्युटीच्या वेळेत व्हावं. बारा तासांची रात्रपाळी संपवून आलेल्या मुलीला सकाळी नऊच्या प्रशिक्षणाला बसवणं म्हणजे हजेरीपटाची सोय आहे. डॉक्टरांनीही फाइलमध्ये 'दर दोन तासांनी सक्शन' असा हुकूम लिहिणं सोडावं, नाहीतर परिचारिकेने तपासून ठरवायचं ते नक्की कशाच्या जोरावर?

क्लोज्ड सक्शन आलं म्हणजे प्रश्न मिटला, असं खरेदी विभागातल्या लोकांना वाटतं. त्यात कॅथेटर प्लॅस्टिकच्या बाहीत कायम जोडलेलं असतं, व्हेंटिलेटर काढावा लागत नाही, पीप टिकतो. चांगलं साधन आहे, फुप्फुसं नाजूक असलेल्या रुग्णाला तर फारच. पण त्याचं कॅथेटर सक्शननंतर पूर्ण मागे आणलं नाही, बाहीतली ठळक रेघ दिसेपर्यंत, तर त्याचं टोक ट्यूबमध्येच राहतं आणि रुग्ण पुढचे दोन तास अर्ध्या बंद नळीतून श्वास घेतो. शिवाय ते इतकं सोपं आहे की गरज नसतानाही पटकन केलं जातं. उघड्या सक्शनला निदान ग्लोव्ह घालेपर्यंतचा वेळ तरी विचार करायला मिळतो.

आणि रुग्ण? त्याला बोलता येत नाही. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात सहा हजारांहून अधिक रुग्णांचा नेहमीच्या सहा गोष्टींतला त्रास नोंदवला होता. कूस बदलणं, ड्रेन (शरीरातला स्राव बाहेर नेणारी नळी) काढणं, यांच्या जोडीला श्वासनलिकेतलं सक्शनही त्या यादीत होतं. ट्यूब निघाल्यावर बऱ्या झालेल्या एका बाईंनी मला सांगितलं होतं, "सिस्टर, तुम्ही सांगून करायचात. बाकीच्या न सांगता करायच्या. मग पावलं ऐकू आली की मी अंग चोरायचे." सांगायला लागतात तीन सेकंद. माझ्या तपासणीच्या कागदावर ही ओळ मी सर्वांत वर ठेवली आहे, हात धुण्याच्याही वर, आणि यावरून संसर्ग-नियंत्रणवाल्या मॅडमशी माझं एकदा बऱ्यापैकी वाजलंही आहे.

मागे एका रात्री मी अशीच तपासणीला उभी होते. मुलगी नवी, सहा महिन्यांची. बारा वाजता ती रुग्णापाशी गेली, काय करणार ते त्याला सांगितलं, गळ्याच्या खळगीजवळ ऐकलं, नळीतलं पाणी काढलं, पडद्यावरची रेघ बघितली. रेघ सरळ होती, आवाज स्वच्छ होता, दाब होता तिथेच होता. तिने कॅथेटरला हात लावला नाही. मग चार्टपाशी गेली आणि पेन हातात धरून थांबली. त्या चौकटीत खूण करायची सोय होती, 'तपासलं, गरज नाही' असं लिहायची नव्हती. चौकट रिकामी सोडली तर सकाळी इनचार्ज सिस्टर विचारणार, बाराचं सक्शन का नाही केलं. खूण केली तर खोटं.

तिने समासात बारीक अक्षरांत लिहिलं, "12.05, ऐकलं, स्वच्छ, केलं नाही," आणि खाली सही केली. दोनच्या चौकटीशेजारीही तसंच. चारला बेडका होता, तेव्हा केलं, आणि तिथे खूण आली. चार्टचा नमुना बदलावा म्हणून मी दिलेला अर्ज अजून छपाईवाल्यांच्या फाइलमध्ये आहे. तोवर आमच्याकडे समासातच लिहितात.